सुकती

लोधिवली,
२० मे

प्रिय हर्षद,

तुला आजी नावाची एक बाई होती, आठवतंय का रं? नसेल आठवत तर खूण सांगते. उंचीला तुझ्या छातीएवढी, तोंडात एकही दात नाही, आणि जिला तू एकदा कर्जतच्या बाजारात विसरून एकटाच मोटारसायकलवर घरी आला होतास, ती. दारात आईनं विचारलं तेव्हा तुला आठवलं की मागं कुणीतरी बसायचं राहिलं. मी तिकडं सुक्या मिरच्यांच्या पोत्याशेजारी दोन तास शिंकत बसले होते. वही, छत्री, डबा, एका पायातली चप्पल, तू काय काय विसरलास ते सांगायला बसले तर हा कागद पुरायचा नाही. पण पाच महिने घरच विसरायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

अक्षर तर तू पाकिटावरच ओळखलं असशील. हो, तुझ्या बापाचंच आहे. फाडू नको. पुढं वाच. त्यालाही मी फसवूनच बसवलं आहे. सकाळी साजगावच्या कंपनीतली रात्रपाळी करून आला, आंघोळ झाली, चहा झाला, तसं म्हटलं, दत्ता, कोंडाण्याच्या मावशीला चार ओळी लिहायच्यात, बस. बिचारा पेन घेऊन बसला. मी म्हटलं, लिही, प्रिय हर्षद. त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि उठायला लागला. मी त्याला माझ्या गळ्याची आण घातली. पत्र संपेपर्यंत उठायचं नाही, मधे बोलायचं नाही, मी सांगीन तेच लिहायचं. बसलाय आता. तोंड असं केलंय की समोर एरंडेलाची वाटी ठेवलीय.

रुचिता म्हणाली होती, आजी, मी लिहिते, नाहीतर फोनमध्ये बोल, एका मिनिटात दादाला जाईल. पण माझं काम दत्ताकडंच होतं. का ते शेवटी सांगते. मला वाचता येत नाही म्हणून हा लबाडी करतो. मी लांबलचक बोलते आणि पेन दोनदाच हलतं, तेव्हा कळतं की यानं काहीतरी गिळलं. मग म्हणते, वाचून दाखव. मघाशी वाचलं तर मी म्हटलेलं प्रत्येक ‘हाय’ यानं ‘आहे’ करून ठेवलेलं. म्हटलं, अरे, पोराला वाटेल आजी तलाठ्याच्या कचेरीत नोकरीला लागली. शेवटी ठरलं, ‘आहे’ त्याचं, बाकीचं माझं.

घरची खबर अशी. तुझ्या आईच्या गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. काठी घेऊन नळापर्यंत जाते. काठीचा त्रास नाही म्हणते, कोंबड्या हाकायला बरी पडते म्हणते. सुरेखानं कधी दुखतं म्हटलंय, की आता म्हणेल? रुचिताची परीक्षा झाली. आंबा यंदा कमी आहे. अंगणात जिथं तुझी घरगाडी उभी असायची, तिथं ऑईलचा डाग अजून तसाच आहे. तुझा बाप रोज सकाळी अंगण झाडतो आणि त्या डागाला वळसा घालून झाडतो. हे लिही दत्ता. वळसा घालतोस की नाही? मान हलवतोय, पण लिहितोय.

आणि परवा खालापूरहून पोलीस आला. मला वाटलं, तू काही करून बसलास. तर पासपोर्टच्या चौकशीला. हर्षद दत्तात्रय इथंच राहतो का, मस्कतला गॅरेजात कामाला जायचंय म्हणतो, हे खरं का. आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. शेजारच्या येसाजीला दत्ता पाच महिने सांगत आलाय की पोरगा बाहेर कामाला आहे, येतो सवडीनं. पोलिसाला म्हणाला, होय, माझाच मुलगा, इथंच राहतो. सही केली. पोलीस गेल्यावर आंब्याखाली बाजेवर बसला तो जेवायला हाक मारली तरी उठला नाही. तेव्हा मला कळलं की आता माझ्या हातात महिनाभर आहे. विमानात बसलास तरी फोनातला तुझा फोटो बोटानं दाबला की तू सापडशील, पण मला जे बोलायचं आहे ते मग शिळं होईल. म्हणून हा कागद.

आठव, मार्गशीर्ष होता. आठ महिने खपून तू तो जुना टेंपो घरासारखा केलास. दोन बाजा, गॅसची शेगडी, पाण्याचं पिंप, आणि खिडकीला माझ्या जुन्या लुगड्याचा पडदा. दत्तानं साहेबाच्या पाया पडून तुला कंपनीत चिकटवलं होतं, ते सोडून तू हे करत होतास म्हणून तो तुझ्याशी धड बोलत नव्हता. चार चाकांवर घर कशाला, या घरात काय काटे आहेत, एवढंच एकदा म्हणाला. तरी पहिल्या खेपेला रजा टाकून आला, हेही लक्षात ठेव. तू म्हणालास, फणसाडचं जंगल दाखवतो, डोंगर संपला की लगेच समुद्र, शेकरू बघायला मिळतं. मी म्हटलं, शेकरू आमच्या कोंडाण्याच्या रानात काय कमी आहेत? पण मला समुद्र बघायचा होता. एवढं वय झालं, माहेर कोंडाणे, सासर लोधिवली, सगळा जन्म नदी आणि ओढ्यांत गेला. समुद्र मी देवाच्या कॅलेंडरावर बघितला होता, लक्ष्मीच्या मागं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी दत्तानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लहान पोरासारखा पाण्यात उभा राहिला. येताना कोळणीकडून सुक्या कोळंबीचे सोडे घेतले. सुरेखानं गाडीतल्या शेगडीवर बटाटा घालून सोड्याचं कालवण केलं. दत्तानं तीनदा भात घेतला. हात चाटत म्हणाला, गाडी चांगली केलीस रं. तेवढंच. तुझे कान लाल झाले. मी बघितले. सुरेखानं पातेलं घासायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. तीन वर्षांत बापानं लेकाला बरं म्हटलं ते त्या सोड्यावर.

आता दुसऱ्या दिवसाची सकाळ. इथून पुढं दत्ता, हळू लिही, पण सगळं लिही.

तुम्हाला तिघांना वाटाड्या घेऊन रानात जायचं होतं. सुरेखाचं दिवाळीतलं पहिलं ऑपरेशन, तिला चालायचं नव्हतं, म्हणून ती आणि मी गाडीत थांबणार. दत्ता आणि रुचिता पुढं फाटकावर पावती करायला गेले. तू गाडी वर देवळापाशी लावत होतास. तिथं ऊन येणार होतं. मी तुला खाली खाडीकडं बोट दाखवलं. झाडाची सावली, खाली टणक वाळू, चांगली मोकळी जागा. तू म्हणालास, आजी, तिथं पाणी येत असेल, कुणाला तरी विचारून येतो. आणि मी म्हटलं, तू गाडी वळव, मी विचारते.

पेन थांबलं आहे. थांबू दे. मी कुठं जात नाही.

लिही दत्ता. मी विचारते, असं मी म्हटलं.

चिखलात एक बाई वाकून शिंपल्यांतली कालवं काढत होती. मी काठावरून विचारलं, बाय, हितं पाणी येतं का गं? ती मान वर न करता म्हणाली, “आता सुकती हाय.” झालं. मला हवं ते उत्तर मिळालं. आपल्याकडं मार्गशीर्ष सरला की ओढा सुकतो, पुढं नदी पण सुकती, मग माघात पोरं पात्रात क्रिकेट खेळतात. मी म्हटलं, ही खाडी पण तसलीच, सुकती हाय. तरी मी शहाणी. वरच्या अंगाला डोंगराकडं बघितलं, आभाळ कोरडं. आपल्या नदीला पाणी आलं तर वरून येतं, पावसाचं असो की धरणातून सोडलेलं असो. पाण्याच्या कडेला एक काठी रोवली, जशी भाताच्या आवणीच्या दिवसांत रोवते. माझ्या डोळ्यांदेखत पाणी काठीपासून दोन हात मागं सरलं. अमावास्या होऊन दोन दिवस झालेत हेही मला ठाऊक होतं, पण ते देवापुढं वात लावण्यापुरतं. चंद्राचं आणि पाण्याचं काही असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तुला ओरडून म्हटलं, सुकती हाय म्हणाली ती, लाव बिनधास्त. तू एकदा खाडीकडं बघितलंस, एकदा माझ्याकडं. आणि लावलीस. चाकामागं दगड ठेवलास, मीच शिकवल्यासारखा. तू भरतीचं विचारायला विसरला नव्हतास. मी विचारून आले होते.

एवढंच असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं. म्हातारी चुकली, हसून सोडून दिलं असतं कुणी. पण पुढचं ऐक.

तुम्ही गेलात. सुरेखा गोळी घेऊन बाजेवर झोपली. मी दारात बसून चटणीचा लसूण सोलत होते, समोर माझी काठी. पहिला गड्डा संपला तेव्हा मागं गेलेलं पाणी काठीला परत टेकलं होतं. मला वाटलं, वाऱ्यानं हललं असेल. दुसऱ्या गड्ड्याला काठीच्या अलीकडं आलं. मी डोंगराकडं बघितलं, कोरडा. पाणी डोंगराकडून येतच नव्हतं रं, ते माझ्या पाठीमागून येत होतं, समुद्राकडून, आवाज न करता, मांजर येतं तसं. पाणी खालून वर चढतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मांडीवर फोन होता. त्यात तुझा फोटो, त्यावर बोट ठेवलं की तू बोलतोस. मी बोट नेलं आणि मागं घेतलं. का घेतलं ते सांगते. या गावात पूर आला तर पाणी कुठवर चढेल हे माणसं सोनुबाईला विचारतात. एकोणनव्वदच्या पुरात मी म्हटलं ओटा ओलांडणार नाही, तर ओलांडलं नाही. ती सोनुबाई तुला फोन करून काय सांगणार होती, मी चुकले, या? मी मनाशी म्हटलं, येईल थोडं आणि थांबेल. सुकती हाय म्हणालीय ती. आणि तिसरा गड्डा घेतला.

चौथा घेतला. पाचव्याला पाणी मागच्या चाकाला लागलं. तरी मी सोलत होते. दत्ता, हे लिहिलंस का? वाच बघू. हो. तरी मी सोलत होते.

मग दाबला तुझा फोटो. एकदा, दोनदा, चारदा. रानात फोन लागत नाही हे मला ठाऊक नव्हतं, आतून एक बाई तेच तेच बोलत राहिली. मागचं चाक वाळूत बसलं आणि गाडी तिरकी झाली. सुरेखा दचकून उठली. तू बसवलेलं सरकतं दार, ते गाडी कलल्यावर दोघींनी ओढून हलेना. पाणी खालून आत आलं. आधी पायपुसणं तरंगलं, मग पातेलं, मग माझ्या लसणाच्या पाकळ्या. तिकडं त्या कालवंवालीनं काठावरून हाका मारून माणसं गोळा केली. सुरेखा मला म्हणत होती, आई, तुम्ही बाजेवर चढा, आणि स्वतः त्या गुडघ्यावर उभी राहून मला वर ढकलत होती. तेव्हाच मोडला तो गुडघा. तुझ्यामुळं नाही. मला वर चढवताना.

तू परत येतच होतास, हाका ऐकून धावलास. मागची काच फोडून आत आलास, दंडातून रक्त गळत होतं. आधी मी, मग आई. पाठीवर घेऊन छातीभर पाण्यातून काठावर आणलंस. आणि ती बाई माझ्या तोंडापाशी येऊन रडत म्हणाली, मी सांगितलं होतं ना बाय, सुकती हाय आता, मागनं भरती यायची. समुद्राच्या माणसांत ओहोटीला सुकती म्हणतात. मी तेव्हा शिकले, ओल्या लुगड्यात उभी राहून.

तेवढ्यात दत्ता पोचला. सुरेखा वाळूत आडवी, पाय वाकडा. वीसेक माणसं जमलेली. त्यानं विचारलं, “हितं गाडी लावायची अक्कल कुणाची?” मी तोंड उघडलं. तू माझ्याकडं बघितलंस. आणि म्हणालास, “माझी. भरतीचं विचारायचं विसरलो.”

मी तोंड मिटलं.

पुढचं दत्ताला पाठ आहे, तुलाही आहे, म्हणून लिहवत नाही. बापानं चारचौघांत जे बोलू नये ते तो बोलला, आणि उंबऱ्याचं नाव घेऊन बोलला. आम्ही सुरेखाला घेऊन अलिबागला गेलो, तू गाडी काढायला मागं राहिलास. गाडी रेवदंड्याच्या एका गॅरेजात नेलीस आणि तिथंच कामाला राहिलास. खाऱ्या पाण्यानं इंजिन खाल्लं असं रुचिता सांगत होती.

पाच महिने मी हे पोटात घेऊन जेवते. दत्ता ताटावर बसतो आणि एखाद्या दिवशी मधेच म्हणतो, विसरलो म्हणे. दाताखाली खडा आल्यासारखं म्हणतो. सुरेखा भात वाढते, मी घास गिळते. तिला तरी काय ठाऊक, ती बाजेवर पडून होती, तिनं आपलं बोलणं ऐकलं नाही. ठाऊक असणारी माणसं दोनच, तू आणि मी. तू जन्मभर खरोखर विसरत आलास रं. त्या एकाच वेळी विसरला नव्हतास, आणि तेव्हाच विसरलो म्हणालास.

आता हे पत्र का. तुला यातलं नवं काहीच नाही. तुला सगळं माझ्याआधी माहीत होतं. हे मला दत्ताला सांगायचं होतं. दहादा ठरवलं. तो समोर बसला, माझ्याकडं बघितलं की माझी जीभ, जी गावाला पुरून उरते ती, टाळूला चिकटायची. लिहिताना मात्र माणूस कागदाकडं बघतो. म्हणून तुझं नाव घेऊन त्याला बसवलं आणि तुझ्याशी बोलत त्याला सांगितलं. पेन थांबलं होतं ना, चाकाच्या त्या ओळीनंतर पुन्हा एकदा थांबलं. आण मोडून उठला. मला वाटलं, चालला. माठापाशी गेला, एक तांब्या पाणी प्यायला, पाठमोरा उभा राहिला. मग येऊन बसला. पेन उचललं आणि म्हणाला, “पुढं सांग.” एवढं बोललाय तो सकाळपासून. मस्कतला जायचं की नाही ते तू ठरव, तुझं वय आहे, तुझे हात आहेत. पण जायचं तर या घरातून जा, रेवदंड्यातून नको. उंबऱ्याचं म्हणशील तर तो बांधला तेव्हा दत्ता पाळण्यात होता. उंबरा माझा आहे, त्यावर कुणी पाय ठेवायचा ते मी सांगणार.

आणि एक. पहिल्या जूनपासून मासेमारी बंद होते म्हणतात, त्याआधी पाव किलो सोडे पाठव. चांगले निवडून, वाळू नसलेले. पुडक्यावर माझं नाव घाल, सोनुबाईसाठी असं. मला दात नाहीत हे तुला ठाऊक आहे. लिहिणाऱ्यालाही ठाऊक आहे. तरी नाव माझंच घाल.

अंगठा नीट उमटला नाही, लसणानं आणि शाईनं बोटं सारखीच निसरडी होतात. तरी तो माझाच समज.

तुझीच, कर्जतच्या बाजारात राहिलेली,
आजी

ता. क. ही ओळ तुझ्या आजीला वाचून दाखवणार नाही. पाव किलो पुरायचे नाहीत. अर्धा किलो आण.
— बाबा